फिरेनासा होईपर्यंत

सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

दिवाळी आटोपली. हरसूलला परत जाण्यासाठी पिशवी भरून दारापर्यंत आलो असता सूनबाई यशश्रीने ती माझ्या हातातून काढून घेतली व "बाबा, थंडी संपेपर्यंत नाशिकलाच राहा" असे सांगितले. चिरंजीव मनमाडला रेल्वेत आहेत, ते केवळ रविवारी येतात. यशश्री सातपूरला कार्यालयात जाते. दिवसभर घरात कोणी नसते. घराला एक जबाबदार माणूस असावा, हे मलाही पटले.

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले असले तरी एका सहकारी बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभे राहण्याची जबाबदारी मी निवृत्तीपर्यंत सांभाळली. माझ्या कारकिर्दीत एकही गोळी झाडण्याची वेळ आली नाही. पहारा याला म्हणतात.

नात ओवी नेमबाजी करते, हे ऐकून होतो. तिची रायफल आज प्रथमच नीट पाहिली. हिच्यात दारू नाही, धूर नाही. नळीखाली दाबलेल्या हवेची टाकी असते आणि बार झाला की पेटीचे झाकण पडल्यासारखा आवाज येतो. डोळा लावण्यास मागे एक बारीक छिद्र व पुढे नेम धरण्याच्या माशीच्या जागी एक कडे. दस्ता लाकडी असून त्यावरील गाल टेकवण्याची फळी वर-खाली होते. वस्तू उत्तम आहे. परंतु ती पलंगाखाली, आणि वर कॉलेजची पिशवी! दस्ता आणि नळी यांना जोडणारे दोन स्क्रू तपासले. दोन्ही पाव फेरा सहज फिरले. इतकी नाजूक वस्तू आणि ही अनास्था.

सबब आजपासून या रायफलीची देखभाल मी स्वतःकडे घेतली आहे. बँकेत होती तीच पद्धत: स्नान, स्वच्छ फडके, मग प्रत्येक स्क्रू फिरेनासा होईपर्यंत घट्ट. ओवीला सांगितलेले नाही. कर्तव्याची जाहिरात करू नये.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

ओवी सरावाहून आली ती तोंड पाडून. विचारले असता म्हणाली, "आजोबा, ग्रुप सरकलाय माझा."

ग्रुप म्हणजे काय, हे तिने पुठ्ठ्याचे लक्ष्य दाखवून समजावले. दहा मीटरवरून झाडलेले छर्रे एकाच भोकात जावेत; भोक जितके लहान, तितकी रायफल आणि माणूस खरे. तिचे छर्रे आज घड्याळात दोन वाजतात त्या बाजूला गेले आहेत.

"तू हललीस का?"

"नाही हो. मी हलले असते तर इकडे तिकडे गेले असते. हे सगळे मिळून सरकलेत."

सगळे मिळून सरकले. म्हणजे कोणीतरी सरकवले. हे मी तिला बोललो नाही, परंतु माझ्या मनात तत्काळ आले. २३ नोव्हेंबरला विभागाची निवड आहे. चार मुली राज्यस्पर्धेसाठी पुण्याला जाणार, आणि ओवीचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. अशा वेळी कोणाचे तरी पोट दुखणारच.

शनिवार, १ नोव्हेंबर

ओवीसोबत गंगापूर रोडच्या रेंजवर गेलो. एका इमारतीच्या तळमजल्यावरील लांब खोली आहे. किशोर सर हे प्रशिक्षक व संस्थेचे सचिवही. वागणे सभ्य आहे, परंतु सर्वांशी हसून बोलतात. असा मनुष्य कोणाच्या बाजूचा आहे हे कळत नाही.

कोपऱ्यात एका टेबलावर हनीफ नावाचा इसम बसतो. पूर्वी अंबडला लेथवर होता, आता रायफली दुरुस्त करतो. चौक मंडईत राहतो. त्याने ओवीची रायफल घेतली आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही स्क्रू ढिले केले! नंतर एका जाड मुठीच्या चावीने ते फिरवू लागला. चावीने टक् असा आवाज केला आणि तो तेथेच थांबला. अजून निदान पाव फेरा बाकी होता. मला समोरून दिसत होते.

"पूर्ण आवळत नाही का तुम्ही?" मी विचारले.

"नाही बाबा. एवढंच लागतं तिला. तुम्ही बसा ना, उभे कशाला? चाय सांगू?"

मी चहा नाकारला. चौकशी चालू असताना आपण कोणाचे काही घेत नाही.

त्यानंतर जे समजले त्याने सर्व उलगडा झाला. पलीकडच्या लेनवर उभी असलेली, डोक्याला रुमाल बांधलेली मुलगी रिदा ही हनीफची कन्या. तीही त्याच निवडीला उतरणार आहे. ओवी व ती एका डब्यात जेवतात. लोक किती गोड वागू शकतात, हे मी बँकेच्या दारात पुष्कळ पाहिले आहे.

रविवार, २ नोव्हेंबर

स्नानानंतर रायफल घेतली. अपेक्षेप्रमाणे दोन्ही स्क्रू ढिले. पूर्ण घट्ट केले.

एक नवीन गोष्ट निदर्शनास आली. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर गेलेली बारीक लाल रेघ होती, बायकांच्या नखांना लावतात त्या रंगाची. मी स्क्रू फिरवताच रेघ मधोमध तुटली आणि दोन तुकडे एकमेकांपासून दूर गेले. ही खूण कशासाठी? गर्दीत ओवीचीच रायफल ओळखता यावी यासाठी, दुसरे काय! नखाने खरवडून दोन्ही रेघा काढून टाकल्या.

चिरंजीव आले होते. त्यांना यातील काही सांगितले नाही. ते भोळे आहेत.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज छर्रे खाली डावीकडे गेले. शिवाय पूर्वी एका भोकात जाणारे आता पसरले आहेत. ओवी स्नानगृहात गेली आणि आतील नळ बराच वेळ चालू राहिला. यशश्रीने दार वाजवले, तेव्हा "साबण गेला डोळ्यांत" असे उत्तर आले. आवाज साबणाचा नव्हता.

रात्रीच्या जेवणात ओवी सांगत होती की हनीफकाकांनी नळी आतून पुसली, दुसऱ्या डब्यातले छर्रे देऊन पाहिले, हवेचा दाब तपासला, माशीचे कडे बदलले, आणि घरी जायला त्यांना उशीर झाला. "कोणी एवढं करतं का, सांगा बरं," असे ती म्हणाली.

मलाही तोच प्रश्न पडला. कोणी एवढे का करील?

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज रेंजवर जे ऐकले ते जसेच्या तसे लिहून ठेवतो.

हनीफ किशोर सरांना म्हणत होता, "सर, कोई तो हात लगा रहा है. मी लाल खूण करून ठेवली होती. स्क्रू हलला की कळावं म्हणून. खूणच गायब. आणि स्क्रू असा आवळलाय, दस्त्याच्या लाकडात घुसलाय पार. नळीला ताण बसतो. मग छर्रा कुठेही जाणार."

"कोण करेल असं?" सर म्हणाले.

"ते मी कसं सांगू? माझ्या टेबलावरून तर बरोबर जाते रायफल."

मी खांबाआड उभा होतो. म्हणजे लाल खूण त्यानेच केली, हे त्याच्या तोंडून आले. जो खूण करतो तोच ती नाहीशी झाल्याची बोंब ठोकतो. हा डाव जुना आहे. आमच्या शाखेत एका शिपायाने स्वतःच काच फोडून स्वतःच आरडाओरडा केला होता.

इतक्यात रिदा आली व मला म्हणाली, "आजोबा, पाय दुखतील, स्टूल देऊ?" मी स्टूल तपासून घेतले व बसलो.

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी पोहे खात असताना ओवीने सहज विचारावे तसे विचारले, "आजोबा, मी आंघोळीला जाते तेव्हा तुम्ही माझ्या रायफलची केस उघडता का?"

लपवण्यासारखे काही नव्हते. मी तिला संपूर्ण पद्धत सांगितली. फडके कोणते, तेल कोठे लावायचे नाही, स्क्रू कसे घट्ट करायचे. हे काम मी दिवाळीपासून एक दिवसही चुकवले नाही, हेही सांगितले.

तिच्या हातातला चमचा बशीवर तसाच राहिला. माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटले, पोरीला गहिवरून आले.

मग हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, ते स्क्रू एवढे टाइट नसतात करायचे."

"ढिला स्क्रू चांगला, असे तुला कोणी शिकवले?"

"हनीफकाकांनी."

"तेच," मी म्हणालो. "तेच मला ऐकायचे होते."

"अहो पण ऐका ना. लाकूड दबतं त्याच्याने. मग नळी..."

"ओवी, तुझ्या जन्माच्या आधीपासून माझ्या खांद्याला बंदूक होती."

"हो, पण ती कधी कुठे लागली का, आजोबा?"

"लागण्याची वेळच येऊ दिली नाही मी."

यावर ती दप्तर उचलून गेली. संध्याकाळी घरी आली ती रिकाम्या हातांनी. रायफल यापुढे रेंजवरच राहील, असे तिने आईला सांगितले. मला नाही, आईला.

पोरीला त्यांनी पूर्णपणे आपल्या बाजूस वळवून घेतले आहे. आता रायफल रात्रंदिवस हनीफच्या टेबलाजवळ राहणार.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

किशोर सरांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "लेखी द्या." मी म्हणालो, "बँकेच्या दारावर उभ्या राहिलेल्या माणसाचा शब्द पुरेसा आहे. मी उभा राहून सांगतो, आपण बसून ऐका." मग मुद्देसूद सांगितले. हनीफ स्क्रू मुद्दाम ढिले ठेवतो. त्याची कन्या ओवीची प्रतिस्पर्धी आहे. त्याने रायफलीवर गुप्त खुणा केल्या. आणि आता रायफल पूर्णपणे त्याच्या ताब्यात आहे.

सरांनी कपाळ चोळले. "बोडकेबाबा, हनीफभाईंसारखा माणूस..."

"माणसावर माझे काही म्हणणे नाही. हेतूवर आहे."

"निवड दहा दिवसांवर आलीय हो. आत्ता हे प्रकरण कुठे काढता?"

"निवड दहा दिवसांवर आली आहे म्हणूनच."

अखेर त्यांनी ठरवले की पुढच्या गुरुवारी समिती बसेल, आणि तोपर्यंत हनीफने रेंजवर येऊ नये. मला तो निर्णय योग्य वाटला. बाहेर पडताना हनीफ आपली हत्यारे एका पिशवीत भरताना दिसला. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. नमस्कार केला की काय केले, ते नीटसे कळले नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ओवी माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. "हनीफकाका नसतील तर निवडीला माझी रायफल कोण लावून देणार?" हे ती फोनवर कोणाला तरी विचारत होती. मी असताना हा प्रश्न पडावा, याचे वाईट वाटले.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी ओवी समोर येऊन उभी राहिली. "आजोबा, चला. रेंज बंद आहे, मी सरांकडून किल्ली आणलीय. आपण दोघंच."

मी कोट घातला. स्कूटरवर तिच्यामागे बसून गेलो.

हनीफच्या टेबलावरील शिकंज्याला तिने गोधडीचे तुकडे लावले आणि त्यात रायफल घट्ट बसवली. म्हणाली, "आता माझा हात नाही, श्वास नाही, काही नाही. फक्त रायफल." मग पाच छर्रे झाडले. दोरी ओढून पुठ्ठा आणला. एकच भोक, हरभऱ्याच्या डाळीएवढे, बरोबर मध्यावर.

"आता तुम्ही घट्ट करा. बँकेत करायचात तसे."

मी केले. फिरेनासे होईपर्यंत.

पुन्हा पाच. पुठ्ठा आला. मध्यावर काही नाही. भोके वर उजवीकडे, सुटी सुटी, फोडणीत तडतडून उडालेल्या मोहरीसारखी.

"शिकंजा सरकला," मी म्हणालो.

"बरं. तुम्हीच आवळा शिकंजा."

मी आवळला. तिने त्या जाड मुठीच्या चावीने स्क्रू लावून घेतले, टक् होताच थांबली. डाळीएवढे भोक, मध्यावर. पुन्हा मी घट्ट केले. पुन्हा मोहरी.

मी नवीन पुठ्ठा मागितला. तिने दिला. छर्ऱ्यांचा डबा बदलायला सांगितला. तिने बदलला. शेवटी चावी माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुम्हीच लावा. आवाज आला की सोडून द्या." मी लावली. आवाज आला. हात आणखी फिरू पाहत होता, पण मी तो सोडला. पाचही छर्रे मध्यावर गेले.

तिने सर्व पुठ्ठे गोळा करून कचऱ्याच्या टोपलीत टाकले.

"असे टाकू नकोस," मी म्हणालो. "पुरावा आहे तो."

"कोणाविरुद्ध, आजोबा?"

रविवार असल्याने चिरंजीव घरी होते. त्यांनी विचारले, "कुठे गेला होतात?" ओवी म्हणाली, "आजोबांना रेंज दाखवली."

मंगळवार, १८ नोव्हेंबर

लाकडावर हवेचा परिणाम होत असावा. नाशिकची थंडी यंदा लवकर आली आहे. शिकंजा हनीफचा, चावी हनीफची, हेही ध्यानात घेतले पाहिजे. चावीला एखादी युक्ती असू शकते.

परंतु भोके तर पुठ्ठ्यावर होती, आणि पुठ्ठा मी स्वतः लावला होता.



गुरुवार, २० नोव्हेंबर

समिती बसली. किशोर सर व आणखी दोन सदस्य प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, समोर हनीफ. रिदा व ओवी मागे भिंतीला टेकून उभ्या. मला मान म्हणून पहिली खुर्ची दिली.

सरांनी माझी तक्रार वाचून दाखवली. त्यांनी ती लिहून काढली होती. ऐकताना माझेच शब्द मला परके वाटले.

"हनीफभाई, काय म्हणणं आहे?"

हनीफ उठला. हातातली टोपी दोनदा घडी केली. "सर, चूक माझीच असेल. चावी जुनी झाली. कधी जास्त बसला असेल स्क्रू, कधी कमी. वय झालं, हाताला कळत नाही. या सीझनला मी येत नाही रेंजवर. फक्त रिदाला खेळू द्या. तिचा यात काही हात नाही."

एक सदस्य लगेच म्हणाले, "चला, मिटलं. कबूलच केलं त्यांनी." किशोर सरांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. त्यांनी लिहायला घेतले.

मला जे हवे होते ते झाले होते. मी मागे पाहिले. ओवी माझ्याकडे पाहत नव्हती, जमिनीकडे पाहत होती. तिने तोंड उघडले असते तर रविवारची हकिगत दोन वाक्यांत झाली असती. हनीफही सर्व जाणून होता, हे त्याने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही यावरून मला कळले. तो इतके सरळ खोटे बोलत होता की मला बसवेना.

मी उभा राहिलो.

"सचिव महोदय, थांबा. ते स्क्रू मी फिरवले."

"तुम्ही? कधी?"

"रोज. स्नानानंतर."

एक सदस्य हसले. दुसऱ्याने त्यांना कोपराने ढोसले.

हनीफ पुढे झाला. "बाबा, जाऊ द्या ना आता. झालं ते झालं. बसा तुम्ही."

"मध्ये बोलू नका," मी त्याला म्हणालो. "माझी जबानी चालू आहे."

मग मी सर्व सांगितले. लाल रेघा मीच खरवडल्या, हेही सांगितले. ओवीने मला समजावले होते व मी ऐकले नाही, हेही. तक्रार मागे घेतो असे न म्हणता, तक्रार चुकीची होती असे लिहून घ्या, म्हणालो. सरांनी विचारले, "नक्की असंच लिहू?" मी म्हणालो, "असेच लिहा, आणि मला वाचून दाखवा." त्यांनी वाचून दाखवले. हनीफने रेंजवर यावे, असा निर्णय झाला.

बाहेर आलो. ओवीने माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला नाही.

घरी आल्यापासून विचार करत आहे. त्या माणसाला सर्व ठाऊक होते, तरी माझ्यासमोर मान खाली घालून त्याने चूक आपल्या अंगावर घेतली. यात त्याचा काय डाव असावा? अंधार पडेपर्यंत शोधला. डाव सापडला नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

निवड झाली.

सकाळी हनीफने दोन्ही रायफली लावून दिल्या, आधी ओवीची, मग रिदाची. मी पाच पावले दूर उभा राहिलो. मला कोणी दूर राहा म्हटले नव्हते.

आत प्रत्येक मुलीच्या वरच्या पडद्यावर आकडे येतात. सुरुवातीच्या दोन फेऱ्यांत ओवीचे छर्रे दहापैकी नऊच्या आसपास राहिले. ती रायफल खांद्याला लावायची, काढायची, पुन्हा लावायची. तिसऱ्या फेरीपासून ती सावरली, आणि मग असे नेमके मारत गेली की शेजारच्या पालकांनी तिचे नाव विचारले. परंतु ते पहिले दोन घाव भरून निघाले नाहीत.

रिदा चौथी आली. ओवी पाचवी. फरक एका गुणाहून कमी.

चौघी पुण्याला जाणार.

बाहेर पायऱ्यांवर यशश्री तिला विचारत होती, "रायफलमध्येच काही होतं का गं?"

"नाही आई, रायफल एकदम बरोबर होती. माझंच. दोन आठवडे ती बाजूला मारत होती ना, तर मी पण तसाच नेम धरायची सवय..." एवढ्यात तिने मला पाहिले व थांबली. "पहिल्यांदा टेन्शन आलं, बाकी काही नाही."

मी ऐकले नाही असे दाखवले. कोणाला दोष द्यावा यासाठी सवयीने आजूबाजूला पाहिले. पंचांचे टेबल, दिवे, पडद्यांच्या तारा. मग पाहणे सोडून दिले.

रात्री चिरंजीवांनी मनमाडला निघण्यापूर्वी ओवीला जवळ घेतले. ती तेव्हा रडली. मी गॅलरीत गेलो.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सकाळी ओवीला म्हणालो, "मला चौक मंडईत जायचे आहे. घर मला ठाऊक नाही."

"मी येते ना. मला पण रिदाला भेटायचंच आहे."

वाटेत पेढे घेतले. अर्धा किलो घेणार होतो, ओवी म्हणाली, "किलो घ्या आजोबा, त्यांच्याकडे माणसं खूप आहेत." दुकानदाराने कागदी पिशवी दिली; मी खोका वेगळा बांधून मागितला.

दार एका वृद्ध बाईंनी उघडले. हनीफच्या आई, जैतुनबी. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले व आत वळून म्हणाल्या, "हनीफ, कोई साहब आए हैं. पुलिस के तो नहीं?"

हनीफ आतून धावत आला. "अरे अम्मी, पुलिस नाही! ओवीचे आजोबा आहेत. या बाबा, या."

"वही?" जैतुनबींनी विचारले.

"हां, वही."

त्या काय ते समजल्या व मला खुर्ची देऊन समोरच बसल्या. सर्व वेळ माझ्याकडे पाहत होत्या. पहारा करणारी नजर मला ओळखता येते. त्यांचे काही चुकत नव्हते.

मी खोका पुढे केला व ठरवून आलेले वाक्य बोललो. "आपल्या कन्येचे अभिनंदन. ती जागा तिने मिळवली आहे. तिच्याविषयी मी जे बोललो ते मला शोभले नाही. आपल्याविषयी बोललो तेही."

हनीफने डोके खाजवले. "बाबा, एवढं काय. आधी चाय घ्या."

या वेळी मी चहा घेतला. फार गोड होता. कोणी मुद्दाम गोड केला असेल का, असे क्षणभर वाटले; पण जैतुनबींनीही तोच पिऊन आणखी साखर मागितली.

आतल्या खोलीतून ओवी व रिदा यांचे हसणे ऐकू येत होते. थोड्या वेळाने दोघी रिदाची रायफल घेऊन बाहेर आल्या. पुण्याच्या बसमध्ये ती कशी न्यावी, पेटीला आतून कोणते कापड लावावे, यावर ओवी तिला सल्ला देत होती. स्वतः जाणार नसताना. मी ते पाहत राहिलो.

हनीफने पेटी माझ्यासमोर जमिनीवर ठेवली व उघडली. लाकूड जुने होते, गालाच्या फळीवर घामाचा डाग होता, पण नळी लखलखीत होती.

"बाबा, पुण्याला जायच्या आधी एकदा तुम्ही नजर टाका. तुम्हाला तर एवढी वर्षं सवय आहे हत्याराची."

जैतुनबींचा कप ओठांपाशी थांबला. ओवीही थांबली. रिदा मात्र पेटीशेजारी मांडी घालून बसली आणि माझ्याकडे पाहत राहिली, जणू मी काही मोलाचे सांगणार आहे.

मी खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसलो. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत गुंफले.

"पाहतो," मी म्हणालो. "हात लावणार नाही."